चौथ्या वेळी सांगितलेली गोष्ट

चष्मेवाल्याने पिशवीतून एक दोरी काढली, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली आणि म्हणाला, "आत्या, ओळखा बघू."

आत्याने बघितलं. निळी, नायलॉनची, अंगठ्याएवढी जाड. टोकं उसवू नयेत म्हणून जाळून बंद केलेली.

"ट्रकवर ताडपत्री बांधतात ती," आत्या म्हणाली. "हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळते. इथे कशाला आणलीत?"

"अहो, ही ती दोरी आहे."

"ती म्हणजे कोणती?"

"तुम्ही मुलीला बांधलं होतं ती." आजाऱ्याच्या खाटेपाशी बोलावं तसा त्याने आवाज खाली आणला. "म्हणजे अगदी तीच नव्हे. तशी. काचेच्या पेटीत ठेवायची आहे. तुम्ही फक्त इथे सही करा, की ही तुम्ही स्वतः दिलीत."

आत्याने कागद सावकाश, शब्दन् शब्द वाचला. 'हीच ती मूळ दोरी असे मी प्रमाणित करते.' वाचून झाल्यावर तिने दोरी उचलली आणि त्याच्या पिशवीत परत कोंबली.

"दीड वर्षाच्या पोरीला असल्या दोरीनं बांधलं असतं तर तिच्या कमरेची सालटी निघाली असती. मी आई होते हो, हमाल नव्हते."

चुलीपाशी गाजरं उकडत बसलेली धाकटी, म्हणजे आत्याची धाकटी जाऊ, मान वर न करता म्हणाली, "एखादा ट्रक सुटला असेल त्यांचा. बांधायला हवी असेल."

चष्मेवाला हसला नाही. तो नगरनिधीचा समन्वयक होता. त्याला पगार हसण्याचा नव्हता. त्याने दुसरा कागद काढला आणि तो मात्र हातात न देता टेबलावर सरकवला. वाईट बातमी असे लोक नेहमी सरकवतात.

दुसऱ्या कागदात लिहिलं होतं की ही खोली महिनाअखेरीस रिकामी करायची आहे. इथे नगरनिधीच्या अध्यक्ष ताईंच्या सार्वजनिक जीवनाचं स्मृतिदालन होणार. पाळणाघराला दुसऱ्या वस्तीतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा, वेळ सकाळी दहा ते सहा.

आत्याने खोलीकडे बघितलं. सकाळचे साडेसात. एकेचाळीस पोरं. निम्मी झोपलेली, पाच-सहा रडणारी, एक जण दुसऱ्याचा बूट चावत होता. यांच्या आया पहाटे सहाला कामावर चढतात. कोणी इस्पितळाच्या फरश्या पुसते, कोणी भट्टीवर पाव काढते, आत्याची स्वतःची लेक शहराची पहिली बस हाकते. दहाला उघडणारं पाळणाघर त्यांना म्हणजे जेवण झाल्यावर मिळालेलं मीठ.

"सहाच्या आधी येणाऱ्या पोरांना दहापर्यंत कुठे ठेवायचं?" तिने विचारलं.

"तो ऑपरेशनल मुद्दा आहे," चष्मेवाला म्हणाला आणि उठला.

ताईंची गोष्ट त्या शहरात कोणाला ठाऊक नव्हती? शाळेतली पोरं ती भाषणात पाठ म्हणायची. ताई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या, पालिकेत आरोग्य निरीक्षक. एका सकाळी तपासणीसाठी इस्पितळामागच्या लॉन्ड्रीत शिरल्या. आत वाफ, उकळत्या पाण्याच्या टाक्या, आणि खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेलं एक लेकरू. अडाणी आई पलीकडे चादरींना इस्त्री करतेय, तिचं लक्षच नाही. ताईंनी थरथरत्या हातांनी गाठ सोडली, लेकराला छातीशी धरलं आणि त्याच क्षणी आयुष्य समाजाला वाहिलं. इथे ताई अर्धा श्वास थांबायच्या. मग टाळ्या.

या गोष्टीवर मांड ठोकून ताई निरीक्षकाच्या अधिकारी झाल्या, अधिकाऱ्याच्या समाजकल्याण खात्याच्या प्रमुख झाल्या, आणि चाळिशीत सरकारी खुर्ची सोडून त्यांनी नगरनिधी काढला. नगरनिधी म्हणजे शहरातल्या माणसांनी आपापल्या ऐपतीने पैसे टाकायची एक मोठी पेटी; त्यातून शहरातल्याच कामांना मदत जायची. कल्पना सोन्यासारखी होती. ताई कामाला वाघीण होत्या, हे आत्यासुद्धा नाकारत नव्हती. दवाखाने निघाले, पाण्याच्या टाक्या झाल्या, आंधळ्यांची शाळा झाली. पण पेटीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला त्याच्यापुढे अख्खं शहर वाकतं, आणि वाकलेल्या माणसांकडे वीस वर्षं वरून बघत राहिलं की बघणाऱ्याची मान पुन्हा सरळ होत नाही. आता देशभरातल्या अशा सगळ्या निधींचा महासंघ ताईंना अध्यक्ष करायच्या बेतात होता. शनिवारी ताईंचा सत्कार होता. महासंघाची माणसं पारख करायला येणार होती.

आणि त्या गोष्टीतलं खरं काय? खिडकीला गज होते, एवढंच.

लॉन्ड्रीत तेव्हा नऊ बायका होत्या, सहाची पाळी. घरी पोरांना सांभाळायला कुणाकडेच कोणी नाही. म्हणून त्यांनी आपसात एक रीत बसवली. जुन्या चादरी फाडून मऊ पट्ट्या काढायच्या, पोरांच्या कमरेला सैल बांधायच्या, आणि टाक्यांपासून बारा पावलं लांब, खिडकीपाशी त्यांना खेळत ठेवायचं. आठ जणींनी काम करायचं, नववीने पोरांपाशी बसायचं. दर अर्ध्या तासाने बसणारी बदलायची, आणि तिच्या वाट्याच्या चादरी बाकीच्या आठ जणींनी उचलायच्या. पट्टी लागायची कारण बसणारीला हात दोन आणि पोरं अकरा. दोन वर्षांत एका पोराला साधा चटका बसला नव्हता.

त्या सकाळी बसायची पाळी आत्याचीच होती. ती इस्त्रीपाशी नव्हतीच. ती पोरांच्या मधोमध बसून एकाचं नाक पुसत होती. निरीक्षकबाई दारातून आत आल्या त्या चार पावलं. त्यांनी गाठ सोडली नाही, पोर उचललं नाही. नाकाला रुमाल लावला, पॅड काढलं आणि नोटीस लिहिली: आवारात लहान मुलांना आणण्यास मनाई, तीन दिवसांत अंमल व्हावा.

चौथ्या दिवशी धाकटी आपल्या दोन वर्षांच्या पोराला घरात कोंडून कामावर आली. दुसरं करणार काय? पोराने पेटत्या शेगडीत हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं कायमची गेली.

मग मात्र नऊही जणी मुकादमाच्या अंगावर गेल्या. बॉयलर तेलावर गेल्यापासून कोळशाची खोली रिकामी पडली होती, ती त्यांनी भांडून घेतली. भिंती खरवडल्या, चुना मारला, तीन दिवस त्यांच्या थुंकीतून काळं येत होतं. पाळणाघर ते तिथून. सहा महिन्यांनी निरीक्षकबाई कल्याण खात्यात बदलून आल्या आणि फोटोवाल्याला घेऊन फीत कापून गेल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. पण नागोबा निदान बीळ आपणच खणलं असं भाषण करत नाही.

इतकी वर्षं बायका गप्प का बसल्या? कारण लॉन्ड्री बंद पडली, इमारत पालिकेकडे गेली आणि पालिकेने ती नगरनिधीला दिली. पाळणाघर राहिलं वर्षावर्षाच्या परवानगीपत्रावर. तोंड उघडलं तर दार बंद, हे समजायला शाळा शिकावी लागत नाही.

बुधवारी आत्या ताईंच्या ऑफिसात गेली. सगळीकडे काच. भिंतीवर ताईंचे फोटो, प्रत्येकात कोणीतरी गरीब. ताई पत्रांवर सह्या करत होत्या. त्यांनी वर बघितलं ते हसूनच. ते हसू त्यांना आता काढून ठेवता येत नसावं.

"ये गं, बस. मुलं काय म्हणतात?"

"मुलं बरी आहेत. खोली जातेय म्हणतात."

"जात नाहीये. तिचं दालन होतंय. जिथून सगळं सुरू झालं ती जागा लोकांना बघता यायला हवी ना? पाळणे असतील, भिंतीवर माहिती, मेणाची मुलं..."

"म्हणजे जिवंत पोरं बाहेर काढायची आणि मेणाची आत ठेवायची."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "टोमणे मारायची तुझी सवय गेली नाही. दुसरी जागा दिलीय की."

"दोन जिने चढून. आणि दहाला."

"त्या इमारतीच्या वेळाच तशा आहेत."

"इस्पितळाची फरशी सहाला पुसतात, ताई. रोगी दहापर्यंत घाणीत थांबत नाहीत."

"वर्षभरात बघू काहीतरी. शनिवारचं आधी होऊ दे. तू चार शब्द बोलणार आहेस, पत्रिकेत छापलंय. तुझ्या मुलीलाही आण. तेवढं नीट झालं की मग बोलू."

"मी काय बोलायचं?"

"जे झालं ते."

"जे झालं ते बोलू?" आत्याने विचारलं. "नोटिशीसकट?"

ताई उठल्या, दार लावून घेतलं आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बोलल्या तेव्हा त्यांचा भाषणातला आवाज गेला होता आणि जुना, पालिकेतला, करकरीत आवाज आला होता.

"तुला वाटतं मी विसरलेय? मी सुरुवातीला खरीच सांगितली होती. तीनदा. नऊ बायका, तुमची पाळी, पट्ट्या, माझी नोटीस, सगळं. पहिल्यांदा लोकांनी जांभया दिल्या. दुसऱ्यांदा एका व्यापाऱ्यानं विचारलं, बायकांनी आपलं आपण केलंय, तर आमचे पैसे कशाला हवेत? तिसऱ्यांदा तुझ्या जावेच्या पोराचं सांगितलं, तर एक बाई उठून गेली. म्हणाली, जेवायच्या आधी असलं काय सांगता. चौथ्या वेळी मी नोटीस गाळली. आठ बायका गाळल्या. एक आई ठेवली, एक पोर, एक दोरी आणि एक मी. त्या एका दुपारी तीन पाळणाघरांचे पैसे जमले. लोकांना नऊ बायका नको असतात गं. त्यांना एक बिचारी लागते आणि एक देवमाणूस."

"आणि देवमाणूस तुम्हीच व्हायचं ठरवलंत."

"बिचारी व्हायला तू होतीसच."

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

"आज तेवीस पाळणाघरं आहेत माझी," ताई म्हणाल्या. "दोन हजार मुलं. तुझी एकेचाळीस. हिशेब तूच कर."

"दोन हजारांना जागा आहे आणि एकेचाळिसांना नाही, हा कसला हिशेब? तुमच्या घरात माणसं जास्त झाली तर तुम्ही पहिल्या पोराला बाहेर काढता का?"

"सही करतेस की नाही?"

"नाही. आणि शनिवारी येतही नाही."

"नको येऊस. परवानगीपत्राची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, तेवढं लक्षात ठेव."

संध्याकाळी घरात खडाजंगी झाली. लेक बसच्या डेपोतून आली होती, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती, तिचा दोन वर्षांचा पोर तिच्या टोपीशी खेळत होता. धाकटी दारातच उभी होती. भांडायचं असलं की ती बसत नाही.

"आई, सही करून टाक," लेक म्हणाली.

"काय बोलतेस?"

"बरोबर बोलतेय. बांधलेली मी आहे, मला विचारा. मला आठवतसुद्धा नाही. माझ्या कमरेला वळ नाही, माझी तक्रार नाही. तू आणि ताई माझ्या कमरेवरून बत्तीस वर्षं भांडताय."

"ती बाई माझ्या तोंडून वदवून घेणार की मी अडाणी होते, मला पोरीची पर्वा नव्हती."

"मग वद. तुझा मान घेऊन मी पहाटे साडेपाचला पोराला कुठे ठेवू? स्टिअरिंगला बांधू?"

आत्याला हसू फुटलं आणि त्याचाच राग आला.

"छान," धाकटी दारातून म्हणाली. "मायलेकी हसा. माझ्या पोराची बोटं कोणत्या गोष्टीत बसवायची तेवढं सांगा. आज चौतीस वर्षांचा आहे, अजून दुसऱ्याच्या हातून बटणं लावून घेतो. त्या बाईच्या नोटिशीनं ती बोटं खाल्ली. आणि तू तिच्या शेजारी उभी राहून आसवं गाळणार?"

"गाळणार कोण म्हणालं? मी नाही म्हणून आलेय."

"तुझं 'नाही' महिनाअखेरपर्यंतचं आहे, जाऊबाई. मी ओळखते तुला. पोरं रस्त्यावर आली की तू शेणसुद्धा खाशील. पण ऐकून ठेव, खाल्लंस तर पुन्हा माझ्याशी बोलायचं नाही."

ती गेली. लेकीने पाय पुसले. "काकूचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि माझंही बरोबर आहे. पण एक सांगू? खायचंच असेल तर फुकट खाऊ नकोस. आमच्या युनियनचा वकील आहे. त्याच्याकडून कागद लिहून घेऊ."

शुक्रवारभर आत्या कामाला जुंपलेली होती. पोरांचे लंगोट बदलले, दूध पाजलं, एका पोराने भिंतीला लावलेला शेंबूड पुसला. त्या भिंतीवर चुन्याचे तीस तरी थर असतील. संध्याकाळी ती लेकीबरोबर वकिलाकडे गेली.

शनिवारी सभागृह तुडुंब. चारशे माणसं, पुढच्या रांगेत महासंघाची मंडळी. नगरनिधीच्या पत्रिकेवर ठळक छापलेलं: 'ती आई स्वतः बोलणार.' रंगमंचामागच्या खोलीत ताई आरशापुढे बसल्या होत्या, शेजारी नगरनिधीचे एक विश्वस्त काजू खात होते. आत्या आत आली आणि तिने कागद आरशाखाली ठेवला.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"करार. कोळशाची खोली पाळणाघराला वीस वर्षांसाठी, पहाटे साडेपाच ते रात्री आठ, बिनभाड्यानं. अध्यक्षांची सही आणि एका विश्वस्तांची सही, तुमच्या घटनेत तसंच आहे. दोघंही इथेच आहात म्हणून बरं."

"आत्ता? बाहेर लोक बसलेत!"

"म्हणूनच आत्ता. इतकी वर्षं तुमच्या गोष्टीतली आई मुकी होती. आज तुम्ही तिला माईक देताय. ती काय बोलेल ते या कागदावर ठरेल."

विश्वस्तांचा काजू अर्ध्या वाटेत थांबला.

"ही धमकी आहे," ताई म्हणाल्या.

"नाही हो. अर्ज आहे. तुमच्याच माणसांनी शिकवलंय: अर्ज मुदतीत द्यावा आणि सोबत आवश्यक ते जोडावं. मी स्वतःला जोडून आणलंय."

ताईंनी कागद पूर्ण वाचला. वाचताना त्यांचा चेहरा हळूहळू निरीक्षकबाईंचा झाला. मग त्यांनी पेन मागितलं आणि सही करायच्या आधी खाली, स्वतःच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढवली. आत्याने वाकून वाचलं: 'पाळणाघराच्या इतिहासाबाबत निधीच्या अधिकृत मजकुराशी विसंगत असे विधान संचालिकेने केल्यास करार रद्द समजावा.'

"वीस वर्षं?" आत्याने विचारलं.

"कराराची मुदत तू ठरवलीस," ताई म्हणाल्या.

बाहेर सूत्रसंचालकाने ताईंचं नाव घेतलं. टाळ्यांचा आवाज भिंतीतून आला. आत्याने सही केली. ताईंनी केली. विश्वस्तांनी बोटं पुसून केली. मग ताईंनी दोरीच्या प्रमाणपत्राचा कागदही पुढे केला आणि आत्याने तोही सहीनिशी परत दिला.

"तू माझ्यापेक्षा वाईट निघालीस," ताई उठता उठता म्हणाल्या.

"अजून नाही. दहा मिनिटांनी होईन."

आणि झाली. माईकपुढे उभी राहिली आणि असं बोलली की ताईंनीसुद्धा मान वळवून बघितलं. वाफ सांगितली, टाक्या सांगितल्या. "माझं पोर रडत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं," असं म्हणाली, आणि समोरच्या रांगेत रुमाल निघाले. दोरी निळी होती म्हणाली. गाठ घट्ट होती म्हणाली. "मी अडाणी होते. पोराची किंमत मला कळत नव्हती, ती या माउलीनं कळवली." लोकांना काय हवंय ते तिला आता पक्कं ठाऊक होतं, भुकेल्याच्या ताटात वाढावं तसं ती वाढत गेली आणि ते गिळत गेले. तिला त्या सगळ्यांचा, पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत, मनापासून तिटकारा आला आणि त्या तिटकाऱ्यानेच तिचा आवाज भरून येत होता. लोकांना तो पश्चात्ताप वाटला.

लॉन्ड्रीतल्या नऊ जणींपैकी सहा अजून होत्या. आत्या सोडून बाकी पाच जणी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नगरनिधीने त्यांना 'जुने लाभार्थी' म्हणून बोलावलं होतं. मधोमध धाकटी. आत्याने तिच्याकडे बघायचं टाळलं होतं, पण पुढचं वाक्य बोलताना बघितलंच गेलं.

"माझ्या मदतीला कोणी नव्हतं," आत्या माईकमध्ये म्हणाली. "मी एकटीच होते."

धाकटी उठली. शेजारणीच्या गुडघ्यांवरून, पायांवरून, माफी न मागता बाहेर पडली. दार जोरात आपटलं. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी हळहळून म्हटलं, "बघा, ऐकवेना बिचारीला."

टाळ्या थांबेनात. ताईंनी आत्याला मिठी मारली. दोघींची अंगं लाकडासारखी होती. नंतर चहाच्या वेळी महासंघातले एक गृहस्थ आले, त्यांनी आत्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "तुम्ही आता स्वतःला क्षमा करा." त्या हातांवर थुंकावं असं तिला वाटलं. "करेन हो, साहेब," ती म्हणाली.

ताई महासंघाच्या अध्यक्ष झाल्या. दालन नव्या इमारतीत गेलं, काचेच्या पेटीत ताडपत्रीची दोरी लागली, खाली आत्याची सही. खोली राहिली.

सोमवारी पहाटे आत्या कुलूप काढायला आली तेव्हा धाकटी आधीच पायरीवर बसलेली होती. आत्याचा जीव भांड्यात पडला. तो लगेच धाकटीने बाहेर काढला.

"पोरांसाठी आलेय. दूध कोण तापवणार, तुझी माउली? माझ्याशी बोलायचं नाही."

"बरं."

"बरंसुद्धा म्हणायचं नाही."

साडेपाच वाजले. आया आल्या, पोरं टाकून, मुके घेऊन पळाल्या. लेक बसच्या गणवेशात आली, पोराला खाली ठेवलं, दोघींच्या तोंडांकडे बघितलं आणि बसकडे गेली. सगळ्यात शेवटी एक नवी आली. पावाच्या भट्टीवर कालच लागलेली, वीस-बाविशीची, कडेवर वर्षाची मुलगी. उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आत्याने हात पुढे केले. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"शनिवारी मी तिथे होते," ती म्हणाली. "खुर्च्या लावायला. तुमचं भाषण ऐकलं." ती खोलीभर बघत होती, खिडकी, गज, टेबलांचे पाय. "राग मानू नका, पण... इथे मुलांना बांधत नाहीत ना?"

आत्याने तोंड उघडलं. नऊ जणी, पट्ट्या, अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी, सगळं जिभेच्या टोकावर आलं. खणात वीस वर्षांचा कागद होता आणि त्याच्या तळाशी ती वळणदार ओळ. तिने तोंड मिटलं. ती पोरगी अर्धं पाऊल मागे सरकली.

"तिला नको विचारू," चुलीपासून आवाज आला. धाकटी पदराला हात पुसत पुढे आली. "तिनं सही केलीय. मी नाही केलेली, मला विचार. ये आत. भट्टी पळून जात नाही, पाच मिनिटं बस. इथे कोणी कोणाला दोरीनं बांधलं नव्हतं. चादरीच्या पट्ट्या होत्या, आणि नऊ जणी होतो आम्ही. त्यातली एक ही. परवा आठ जणींना विकून आलेली."

नवी बाई स्टुलावर टेकली. धाकटीने मुलीला तिच्याकडून घेतलं, आत्याच्या हातात जोराने दिलं, तिच्याकडे न बघता, आणि पुन्हा बोलायला लागली. नोटिशीवर आली, शेगडीवर आली, आत्याला मधूनमधून शिव्या घालत. आत्या मुलीचे बूट सोडत ऐकत होती. एका शब्दालाही तिने हरकत घेतली नाही.